तांदळाच्या डब्यातला कॅमेरा

फोटो काढणाऱ्या मुलीला लोक अल्बम देतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझ्याकडे अकरा अल्बम जमले होते. चारांवर गुलाब, तिनांवर कुत्र्याची पिल्लं, एकावर बर्फाचे डोंगर. मावशीने एका दिवाळीत फोटोफ्रेम दिली, ती अजून तशीच आहे, आतल्या हसऱ्या परदेशी बाईसकट. दादाने एका भाऊबीजेला कॅमेऱ्याच्या आकाराची कीचेन दिली. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा. "बघ, फ्लॅशपण आहे," तो म्हणाला होता. त्याच्या आधी, मी सातवीत असताना, त्याने निळ्या प्लास्टिकचा एक छोटा कॅमेरा दिला होता. तो एका पावसाळ्यात बंद पडला आणि माळ्यावर गेला.

देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. काढलेला फोटो ठेवायचा कुठे, एवढीच त्यांना काळजी. फोटो काढायच्या आधी काय काय लागतं, हे कुणी विचारत नाही. आणि मी सांगत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात हात वर करायच्या आधी मी वाक्य मनात तीनदा घोळवून बघायचे, तोवर दुसरी कुणीतरी उत्तर देऊन खाली बसलेली असायची. घरी मराठीतही तीच सवय राहिली. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत असं कधी झालं नाही. कुठे उभं राहायचं, किती थांबायचं, बटण केव्हा दाबायचं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. माणसं माझ्याशी बोलत नसली की मला ती नीट दिसायची.

मिळालेल्या भेटींपैकी कामाच्या दोनच. एक म्हणजे आईने शिवलेली पिशवी, दादाच्या जुन्या जीनची, आत गोधडीचा थर घातलेली. दुसरी म्हणजे खुद्द कॅमेरा. तो आत्याने दिला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आम्ही नालासोपाऱ्याला पूर्वेला, आचोळ्यात, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. ती आगाशीला, केळी आणि पानवेलींच्या वाडीत. काका, म्हणजे तिचे यजमान, जहाजावर नोकरीला होते. त्यांनी एका फेरीत जपानी कॅमेरा आणला होता, जड, लोखंडी, सगळं हाताने फिरवायचं असा. काका गेल्यावर तो कपाटात पडून होता. मी दहावी झाले त्या दिवाळीत आत्याने मला एक स्टीलचा डबा दिला. उघडला तर आत तांदूळ.

"हात घाल," ती म्हणाली.

तांदळात, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा होता.

"हे तांदूळ तव्यावर कोरडे भाजलेत. महिना झाला की परत भाजायचे, गार करायचे, मग घालायचे. आपली हवा खारी आहे. चपलेला बुरशी येते, तशी काचेलाही येते. मी बारा वर्षं सांभाळलाय, आता तू सांभाळ."

फोटो काढणाऱ्या बाईला काय द्यावं असं आजही कुणी मला विचारलं, तर माझ्या डोळ्यांसमोर तो डबा येतो. वस्तू दिली आणि ती टिकवायची कशी तेही दिलं.

आत्याने स्वतः कधी फोटो काढला नाही, पण फोटोंचं वेड तिच्याइतकं मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात तिने सगळ्या नात्यागोत्याचे फोटो ठेवले होते. दुपारी वाडीतून आली, हातपाय धुतले, की तो डबा उघडायची. मी काढलेले फोटो घेऊन गेले की ओटीवर ते एकेक करून बघायची, आणि सोडायची नाही.

"याचं डोकं कापलंस."

"आत्या, मुद्दाम कापलंय. मला त्याचे हात हवे होते."

"हात हवे होते तर हातच घ्यायचे. गळ्यापर्यंत कशाला आलीस?"

बरोबर असायचं तिचं. वाडीत आपापसात ती तिच्या बोलीत बोलायची. माझ्याशी मात्र सावकाश, शहरी मराठीत, कारण मला ती बोली नीट येत नाही याची तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटायची.

त्या डब्यात तिचा एकही फोटो नव्हता.

आत्याला कोड होतं. हनुवटीवर, ओठांच्या कडेला, डाव्या डोळ्याभोवती पांढरे डाग. त्यावरून ती घरात बसून राहिली असं अजिबात नाही. ती आगाशीच्या बाजारात जायची, बसने विरारला यायची, लग्नात पंगतीला वाढायची, भांडायची. फक्त कुणी कॅमेरा काढला की ती आत निघून जायची. याचं कारण तिने मला एकदा केळी सोलता सोलता सांगितलं. खूप वर्षांपूर्वी एका लग्नात फोटोवाल्याने तिचा फोटो काढला. छापून आणताना त्याने आपणहून त्यावर हात फिरवला आणि सगळे डाग घालवून टाकले. वर कौतुकाने सांगितलं, "ताई, बघा, टचअप करून दिलं. पैसे नको."

"आणि मी बघितलं तर कुणी दुसरीच बाई," आत्या म्हणाली. "तिला माझी साडी नेसवली होती. आणि घरातले सगळे म्हणाले, किती छान आलाय फोटो! मी तेव्हाच ठरवलं. यांना ती हवीय ना, मग घ्या तिचेच फोटो."

यावर मी काही बोलले नाही. केळं खाल्लं. मला वाटतं, त्यामुळेच तिने पुढे माझ्यावर भरवसा टाकला.

ही गोष्ट मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतानाची. दसऱ्याला मी आगाशीला गेले होते. वाडीत दसऱ्याला अवजारांची पूजा असते. आत्याने ओटीवर पाट मांडला, त्यावर कोयते, विळे, कुदळ, पंपाचा पाना ठेवला. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तोही ठेव."

"त्याला कशाला?"

"तुझं अवजार नाही का ते?"

मी तो कोयत्याच्या शेजारी ठेवला. तिने झेंडूचं फूल वाहिलं. हळदकुंकवाचं बोट पुढे आलं आणि थांबलं. "याला कुठे लावू गं?"

"काचेला सोडून कुठेही."

तिने पट्ट्याला लावलं. हळदीचा ठसा त्या काळ्या पट्ट्यावर पक्का बसला.

पूजा झाल्यावर मी वाडीत फिरत होते. चार वाजले असतील. आत्या केळीची वाळलेली पानं कापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आज काढ माझा."

मला वाटलं चेष्टा करतेय.

"एकच काढायचा. आहे तशी काढायची. आणि तो आधी मी बघणार. भाऊ नाही, वहिनी नाही, तूसुद्धा नाही. आवडला नाही तर चुलीत घालणार, तू हूं की चूं करायचं नाही. आहे कबूल?"

"कबूल."

तिने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी घाई केली नाही. पानांतून ऊन तिच्या चेहऱ्यावर हलत होतं, ते स्थिर होईपर्यंत थांबले. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या खात्रीने मी कुठलंच बटण दाबलेलं नाही. रोलवरचा तो बाविसावा फोटो.

छत्तीसचा रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. बहुतेक सगळ्यांच्याच घरातला. दिवाळी तीन आठवड्यांवर होती, रोल दिवाळीत संपला असता. फराळाचे, कंदिलाचे फोटो काढत मी एकोणतीसपर्यंत आले. उरलेले सात भाऊबीजेसाठी ठेवले, कारण त्या दिवशी आत्या बाबांना ओवाळायला आचोळ्याला येते. रोल संपवायचा, धुवायला टाकायचा आणि पाकीट न उघडता तिच्या हातात द्यायचं, असं आमच्या दोघींत ठरलं होतं.

भाऊबीजेला आत्या सकाळीच आली, केळफूल आणि पानांचा विडा घेऊन. मी कॅमेरा आणायला स्वयंपाकघराकडे निघाले, तर आईने अडवलं. "आधी ओवाळून घे. मग काय ते फोटो काढत बस." आत्याने बाबांना ओवाळलं. मग मी दादाला. मी ताट फिरवतेय तोवर दादाने पाटाखालून रंगीत कागदातला एक खोका काढला आणि माझ्या ताटात ठेवला. ताट एका बाजूला कललं, निरांजन घसरलं, आई "अगंबाई" म्हणाली.

"उघड, उघड."

मी ताट खाली ठेवून उघडला. आत डिजिटल कॅमेरा. तेव्हा ते नुकतेच आमच्या बाजारात आले होते आणि आमच्या इमारतीत एकाकडेही नव्हता. चंदेरी, पत्त्यांच्या कॅटाएवढा. दादाचा चेहरा असा फुलला होता की मला एकदम त्याचाच फोटो काढावासा वाटला.

"आता रोल नाही, धुणं नाही, काही नाही," तो सगळ्यांना सांगत होता. "लगेच दिसतो. आणि बाबा, ऑफर काय होती माहितीय? जुना द्या, नवा घ्या! लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ही पार्लरला गेली ना, तेव्हा मी आणि आईने डब्यातून काढला तो ठोकळा, आणि दिला."

मी आईकडे बघितलं.

"अगं, तुला सरप्राइज द्यायचं म्हणून," आई म्हणाली. "आणि ते तांदूळ मी काही फुकट नाही घालवले हं. आजच्या मसालेभाताला तेच आहेत. भाजलेले ना, काय मोकळा झालाय!"

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. दादाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान आणलास हो बहिणीला." मग जेवायला बसल्यावर मसालेभाताचा घास हातात घेऊन नुसती थोडी हसली.

मी एक घासही खाल्ला नाही. दादावर रागावताही येईना. भाऊबीजेच्या ओवाळणीला नाव ठेवायचं नसतं, आणि त्याने स्वतःच्या पगारातून आणलं होतं. रोल आत आहे, एवढंच मी त्याला सांगू शकत होते. त्यावर काय आहे ते सांगता येत नव्हतं. ते माझं गुपित नव्हतंच.

"त्यात रोल होता, दादा."

"अगं, फराळाचे फोटोच ना? परत काढ याने. शंकरपाळ्या अजून आहेत."

"मला तो रोल हवाय."

"बरं, बरं. मी बोलतो दुकानदाराशी. तू नको जाऊस, तू जाऊन नुसती उभी राहशील."

आत्याला बसपर्यंत सोडायला मी खाली उतरले. आचोळ्याच्या नाक्यावर बस उभीच होती. बसमध्ये चढता चढता ती म्हणाली, "जाऊ दे गं. फोटोला मी मानवत नाही, एवढंच. परत नको काढायला."

त्यातलं 'परत नको' तेवढं माझ्या कानात राहिलं. तो रोल कुठल्यातरी भंगारात उघडला गेला, तर एक फोटो जाईल. पण आत्या पुन्हा कधीच कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही. आणि तो फोटो आधी दुसऱ्याच कुणी बघितला, तर माझ्यासमोरही उभी राहणार नाही.

"मी आणते," मी म्हणाले. मनात एकदाही न घोळवता म्हणाले.

दुकान विरारला, स्टेशनजवळच्या बाजारात. संध्याकाळीच गेले तर शटर खाली. त्यावर कागद चिकटवला होता: लाभपंचमीला मुहूर्तावर उघडेल. गुजराती व्यापाऱ्यांच्या नव्या वर्षाच्या धंद्याची ती सुरुवात. दिवाळीनंतर दुकानं बंद ठेवतात आणि पंचमीला पूजा करून उघडतात. म्हणजे मला तीन दिवस काढायचे होते. तेवढ्यात बाजूची पाटी दिसली, जिच्यावरून हे सगळं घडलं होतं. 'जुना द्या, नवा घ्या. कोणताही कॅमेरा, कोणत्याही अवस्थेत.' ती मी दोनदा वाचली आणि घरी येऊन स्टूल घेऊन माळ्यावर चढले. अल्बमांच्या गठ्ठ्यामागे दादाचा सातवीतला निळा कॅमेरा होता. झाकण तुटलेलं, आत कोळ्याचं जाळं. म्हणजे अवस्था अगदी पाटीत लिहिल्यासारखी.

दुसरी अडचण मला लाभपंचमीच्या आदल्या रात्री आईने दाखवून दिली. "अगं, मुहूर्ताच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक माल परत मागायला आलं, तर शेठ तुला उभं करेल का? वर्षभराचा अपशकुन. दुपारनंतर जा." पण दुपारपर्यंत भंगारवाला येऊन गेला असता तर? मी रात्रभर विचार केला नाही, मी झोपले. काय करायचं ते ठरलं होतं.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा मी समोरच्या रसवंतीपाशी उभी होते. दाराला आसोपालवाच्या पानांचं तोरण, गल्ल्यावर नवी लाल वही, शेठ कोऱ्या कुडत्यात. अगरबत्तीचा धूर बाहेरपर्यंत येत होता. मी आत गेले.

"या या बेन, साल मुबारक! पयलं गिऱ्हाईक, ते पण लक्ष्मी. बोला."

"एक रोल द्या. छत्तीसचा. दोनशे स्पीडचा."

"रोल?" शेठचा चेहरा जरा उतरला. "आता रोल कोन घेते बेन? डिजिटल घ्या ना."

"डिजिटल आहे. रोलच द्या."

त्याने रोल दिला. मी पैसे दिले, त्याने ते कपाळाला लावून गल्ल्यात टाकले, माझ्या हातावर पेढा ठेवला. बोहनी झाली. मी पेढा तोंडात टाकला, गिळेपर्यंत थांबले आणि मग पिशवीतून निळा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला.

"लक्ष्मीपूजनाला माझ्या भावाने एक्स्चेंजमध्ये एक जुना कॅमेरा दिला. त्याच्याऐवजी हा घ्या आणि तो मला परत द्या."

शेठने निळा कॅमेरा दोन बोटांनी उचलला. त्यातून कोळी बाहेर आला आणि नव्या वहीवरून चालत गेला.

"बेन, हा तर खेळना आहे."

"तुमच्या पाटीवर लिहिलंय. कोणताही कॅमेरा, कोणत्याही अवस्थेत. याच्यासाठी नवा मिळाला असता, तर याच्यासाठी जुना का नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पोट हलवत हसला. "वकिलीन हाय काय तुम्ही?"

"नाही. कॉमर्स."

"मंग तर अजून खराब." तो उठला, मागून पुठ्ठ्याचा मोठा खोका ओढत आणला. खोक्यात पंधरा-वीस कॅमेरे एकमेकांवर टाकलेले. "शोधा तुमचा. हा सगला माल उद्या जानार, वजनावर."

शोधावं लागलंच नाही. तळाशी एका काळ्या पट्ट्यावर हळदीचं पिवळं बोट दिसत होतं. मी हात घालायच्या आत शेठने तो पट्टा धरून कॅमेरा वर ओढला. "हा? अरे, हा तर भारी जपानी पीस हाय. चालू हाय का बघू," म्हणत त्याने अंगठा मागच्या झाकणाच्या खटक्यावर ठेवला. झाकण उघडलं की आतल्या रोलवर प्रकाश पडतो आणि सगळं संपतं.

"उघडू नका!"

हा माझा आवाज होता. रसवंतीवाल्याने रस्त्यापलीकडून मान वर केली. शेठचा हात जागीच थांबला.

"सोडा तो खटका," मी म्हणाले, जरा हळू, पण फार हळू नाही. "आधी उघडला होता का? भाऊ आला तेव्हा?"

"एक्स्चेंजचा माल कोन उघडते, बेन? घेतला, टाकला." त्याने कॅमेरा दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखा, माझ्याकडे दिला. "घ्या बाबा. मुहूर्ताला लक्ष्मी ओरडली, आता वर्षभर धंदा जोरात जानार."

काउंटरसमोर उभी राहूनच मी रोल मागे गुंडाळून घेतला. सात फोटो वाया गेले. आमच्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. शेवटच्या वेढ्याला आतून रोल सुटल्याचा हलका आवाज आला आणि मगच मी शेठला थँक्यू म्हणाले.

पुढचं काम सोपं होतं. फोटो धुवायला मी वसईला गेले, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्याने पाकीट पुढे केलं तेव्हा मी म्हणाले, "चिकटवून द्या."

"बघत नाही? मग तक्रार चालणार नाही हां मॅडम."

"नाही करत."

खरं सांगायचं तर वसईपासून आगाशीपर्यंत ते पाकीट मांडीवर होतं आणि त्याची चिकटपट्टी एका कोपऱ्यात नीट बसली नव्हती. नखाने सुटली असती. मी वर पिशवी ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आत्या वाडीतच होती. मला बघून तिने आधी "जेवलीस का?" विचारलं, मग पाकीट बघितलं, मग हौदावर जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून. ओटीवर बसली, पदराला हात कोरडे केले, पाकीट फाडलं.

मला वाटलं होतं ती थेट तिचाच शोधेल. तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

"हा कोण? तुमच्या खालचा? पोट सुटलंय त्याचं." पुढचा. "हा वाकडा आलाय." पुढचा. "वहिनीचा बरा आहे. हा दे मला डब्यात ठेवायला." ती मुद्दाम माझा जीव खात होती, किंवा स्वतःचा. झालेले फोटो ती एकावर एक उपडे ठेवत होती. मी मनात मोजत होते. एकवीस.

बाविसावा तिने हातात धरला. मला फक्त पांढरी पाठ दिसत होती. वाडीत कुणीतरी पंप चालू केला, पाटाला पाणी आलं, पहिल्या चार केळींपर्यंत पोचलं. आत्या बघत होती.

"हा डाग भुवईच्या वर गेलाय," ती शेवटी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मांजराला पिल्लं झाल्याचं सांगावं तसं सांगितलं. "मी समजत होते अजून खालीच आहे. आरशात आपण कुंकवापुरतं बघतो."

मी हूं की चूं केलं नाही. तसं कबूल केलं होतं.

मग तिने फोटो वळवून मला दाखवला. आत्या सरळ कॅमेऱ्यात बघत होती. हनुवटीचे, ओठांचे, डोळ्याभोवतीचे डाग जसे होते तसे, आणि त्यांच्यावर पानांची नक्षी पडलेली, म्हणून कुठला डाग कुठला आणि ऊन कुठलं ते नीट बघावं लागत होतं. हातावर केळीच्या चिकाचे काळे ठिपके. एक भुवई जरा वर, समोरच्याची चूक काढायच्या बेतात असताना जायची तशी.

"बरी आहे बाई," आत्या म्हणाली, शेजारच्या कुणाबद्दल बोलावं तशी. "नाकात मोठी आहे, पण बरी आहे. पाठीमागचं केळ्यांचं लोंगर मात्र फार सुरेख आलंय."

ती उठून आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि फोटो त्यात ठेवला. सगळ्यात वर नाही. मधेच कुठेतरी, काकांच्या जहाजावरच्या फोटोच्या आणि माझ्या बारशाच्या फोटोच्या मध्ये. डबा उघडाच ठेवून तिने विचारलं, "रोल कसा मिळाला ते सांग."

मी सगळं सांगितलं. पाटी, निळा कॅमेरा, कोळी, पेढा. "उघडू नका" हे मी तेव्हा ओरडले तितक्याच मोठ्याने करून दाखवलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

"तू? ओरडलीस?"

"हो."

"आणि तो मुहूर्ताचा रोल? त्याचं काय केलंस?"

"पिशवीत आहे. कोराच आहे."

त्या डिजिटल कॅमेऱ्याने मी पुढे खूप फोटो काढले. दादाच्या लग्नाचे तर सगळे त्यानेच, आणि चांगले काढले. पुढच्या भाऊबीजेला दादाने आठवडाभर आधी फोन करून विचारलं, "नेमकं काय हवंय ते बोल." मी सांगितलं, दोन किलो तांदूळ आणि छत्तीसचे दोन रोल. त्याने आणले. तेव्हापासून अल्बम येणं बंद झालं.

पण त्या दुपारी आत्याने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "घाल तो रोल."

मी कॅमेरा उघडला, रोल बसवला, फिल्मच्या पट्टीची दोन भोकं चक्राच्या दातांत अडकली की नाही ते बघितलं, झाकण बंद केलं. आत्या ओटीच्या पायरीवर उभी राहून स्वतःच्या साडीकडे बघत होती.

"ही नको. थांब, दुसरी नेसून येते. आणि या वेळी एकच नाही हं. आवडेपर्यंत काढायचे."

आतून कपाटाची कडी वाजली. मग तिचा आवाज, "हिरवी की जांभळी?"

"जांभळी," मी ओरडून सांगितलं.

मी पायरीवर बसून वाडीतलं ऊन बघत होते. अजून तासभर तरी होतं. पहिला फोटो तिला कुठे उभी करून काढायचा ते मला दिसत होतं.